चुकण्यापुरतं एक एकर

मे महिना सरत आलाय असं धरा. तुळजापूरहून नळदुर्गकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक नांगरून ठेवलेलं रान आहे. ढेकळं उन्हानं पांढुरकी पडली आहेत, भेगांमध्ये बोट जाईल, आणि बांधावरच्या बाभळीची सावली दोघांना पुरेल न पुरेल अशी. घाई नसेल तर तिथे बसू. बोलायचं नाही, नुसतं रानाकडे पाहायचं. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला, की या रानात काय पेरायचं ते कुणीतरी ठरवणार आहे. कोण ठरवणार? एवढा एकच प्रश्न आज सोबत घेऊ आणि सावकाश उलटापालटा करून बघू.

उत्तर सोपं वाटेल. ज्याच्या नावावर सातबारा, तो ठरवणार. पण आठवून पाहा. तुमच्या घरी शेती असेल तर वडिलांनी किंवा चुलत्यांनी अलीकडच्या वर्षांत खरोखर नवं असं काय केलं, आणि ते कशामुळे केलं? शेजाऱ्यानं केलं म्हणून सोयाबीन. कारखाना जवळ म्हणून ऊस. दुकानदारानं उधारीवर दिली म्हणून तीच फवारणी. गेल्या वर्षी कांद्याला भाव होता म्हणून यंदा कांदा, आणि यंदा भाव पडला म्हणून त्यावर नांगर. ज्याला आपण ठरवणं म्हणतो त्यातलं बरंचसं भीतीनं आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्या भीतीला हसू नका. चार महिन्यांच्या पावसावर ज्याचं वर्ष टांगलेलं असतं त्यानं धीट व्हावं, असं सांगणाऱ्यांच्या पगाराची तारीख बहुधा ठरलेली असते.

ही भीती जरा जवळून बघायची तर रानातून उठून घरात जावं लागेल.

ओसरीवर एक बाई गोणपाटाचा तुकडा ओला करून बसली आहे. पाणी निथळून गेलंय, तुकडा नुसता गार आहे. पुढ्यातल्या सुपात घरचंच सोयाबीन. ती एकेक दाणा उचलून गोणपाटावर मांडते. दहाची एक ओळ, अशा दहा ओळी. दाणे निवडत नाही. चांगले तेवढेच उचलले तर गोणपाट खोटं सांगेल, हे तिला माहीत आहे. मग वरून दुसरा ओला तुकडा टाकून, सुरळी करून, सुरळी घराच्या गार कोपऱ्यात. रोज थोडं पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी उलगडून मोजायचं. शंभरातले सत्तर किंवा जास्त नीट उगवले तर बी पेरायला चालतं. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं त्या मानानं वाढवायचं. फारच कमी असतील तर ते बी बाजाराचं, रानाचं नाही. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार नाजूक. पोतं उंचावरून आदळलं, थप्पीवर थप्पी चढवली, की आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा तसाच पिवळाधमक दिसतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात गावोगाव विकतचं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारी झाल्या, दुबार पेरण्या झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून त्याची दखल घेतली. पिशवीवर तर सगळं व्यवस्थित छापलेलं होतं.

त्या ओल्या सुरळीवर मन थोडा वेळ ठेवा. उगवण तपासायची ही रीत कृषी खातं दर मे महिन्यात सांगतं, त्यात गुपित काही नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रयोग फसला तर जातात शंभर दाणे. मूठभर. कुणी बोल लावत नाही, सावकाराकडे जावं लागत नाही. ही बाई एरवी पेरणीच्या चर्चेत बोलणार नाही, पण इथे ती बेधडक आहे, कारण चुकण्याची किंमत तिच्या ओंजळीत मावते. आता ती ओंजळ वाढवत न्या. शंभर दाण्यांऐवजी एक ओळ. एका ओळीऐवजी एक वाफा. एका वाफ्याऐवजी एक एकर. कुठल्या ठिकाणी तुमच्या छातीत धस्स होतं? जिथे होतं, तिथे तुमची शेतीसुधारणा थांबते. माझी कुठे थांबते ते मला ठाऊक आहे, आणि ते एकराच्या बरंच अलीकडे आहे.

इथून मन थोडं लांब नेऊ. पोलंडला. गोठणारा हिवाळा, राय आणि बटाट्याची शेती, आणि रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतलेला देश. प्रशियाच्या वाट्याला गेलेल्या पोझ्नानच्या मुलखात तुरेव नावाचं गाव आहे. तिथल्या जमीनदाराचं नाव देझिदेरी ख्वापोव्स्की. तरुणपणी नेपोलियनच्या फौजेत लढलेला हा माणूस लढाया संपल्यावर इंग्लंडला गेला आणि तिथली शेती शिकून आला. रान एक वर्ष पडीक ठेवायची जुनी रीत त्यानं मोडली. त्या जागी क्लोव्हर, म्हणजे आपल्याकडच्या लसूणघासासारखा शेंगवर्गातला चारा, पिकांच्या फेऱ्यात बसवला. वाऱ्यानं माती उडू नये म्हणून शेतांच्या कडेनं झाडांच्या रांगा लावल्या. १८३०-३१ च्या रशियाविरुद्धच्या उठावात तो सेनापती होता. त्याबद्दल प्रशियानं त्याला कैदेत टाकलं, तर तिथे बसून त्यानं शेतीवर पुस्तक लिहिलं, ते १८३५ मध्ये छापलं गेलं. त्याच १८३५ मध्ये जवळच्या गोस्तिन गावात जमीनदारांनी मंडळ काढलं. पुढे १८५८ मध्ये वॉर्सात आंद्झेय झामोयस्की यांच्या अध्यक्षतेखाली मोठी कृषी संस्था उभी राहिली. नवी अवजारं, खतं, जातिवंत जनावरं, प्रदर्शनं, कुळांकडून वेठीऐवजी रोख खंड घ्यावा का याच्या चर्चा, असं सगळं तिथे चाले. सभासद हजारोंनी झाले आणि १८६१ च्या एप्रिलमध्ये रशियन सरकारनं ती बंदच केली. जमीनदार एकत्र बसून खताबद्दल बोलत राहिले तर उद्या आणखी कशाबद्दल बोलतील, ही धास्ती सरकारला होती. ती काही अगदीच खोटी नव्हती.

आता त्या तुरेवच्या वाड्यात जाऊन बसा. टेबलावर जमिनीचा नकाशा. एका कोपऱ्यावर बोट ठेवून मालक म्हणतो, इथे यंदा क्लोव्हर करून पाहू. तो कोपरा अख्खा गेला तरी रात्रीच्या जेवणात काही उणं पडायचं नाही. या माणसाला कमी लेखायचा माझा हेतू नाही. शिकायला परदेशी जाणारे जमीनदार कुठल्याही देशात थोडेच. पण त्याची जिज्ञासा आणि त्याची जमीन वेगवेगळी काढता येत नाही. त्याला चुकायला जागा होती. ज्यांच्या अंगमेहनतीवर ती शेतं उभी होती त्या कुळांकडे जिज्ञासा नसेलच असं कोण म्हणेल? त्यांच्याकडे तो जास्तीचा कोपरा नव्हता.

मग लहान शेतकऱ्यानं काय करायचं? पोलंडमध्येच याचं एक उत्तर निघालं. १८६२ मध्ये प्यासेच्नो या गावी यूलियुश क्राझेविच यांनी छोट्या शेतकऱ्यांचं मंडळ सुरू केलं, आणि १८७३ पासून माक्सिमिलियन यात्स्कोव्स्की यांनी पोझ्नानच्या भागात अशा मंडळांचं पालकत्व घेऊन ती गावोगाव नेली. सभा भरत, वाचन होई, खतं-बियाणं एकत्र खरेदी होई. पण मला त्यांची एक रीत फार आवडते. सगळे मिळून एकेका सभासदाच्या शेतावर फेरी मारत. काय साधलंय, काय फसलंय, ते जागेवर उभं राहून पाहत. यजमानाची त्या दिवशी काय अवस्था होत असेल, कल्पना करा. पण त्या फेरीत एक हिशेब दडला आहे, तो शांतपणे मनात मांडून बघा. जमीनदाराजवळ एका माणसामागे शेकडो एकर. इथे एकेका माणसामागे चार एकर, पण माणसं पन्नास. एकाच्या वाफ्यात जे फसलं ते पन्नासजणांना कळलं. एकाचं नुकसान, पन्नासांची बचत. मोठ्या जमिनीनं जमीनदाराला जी मुभा दिली, तीच मुभा लहान शेतकऱ्याला शेजाऱ्यांच्या संख्येनं दिली.

आपल्याकडे त्याच सुमारास जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. १८८३ चं ते पुस्तक. त्यातला संताप सगळ्यांना आठवतो. त्याच पुस्तकात त्यांनी सरकारला केलेल्या सूचना कमी लोकांच्या लक्षात राहतात. डोंगराच्या उतारावर ताली-बंधारे घाला म्हणजे पाणी आणि गाळ रानात मुरेल, शेतपिकांची प्रदर्शनं भरवा, औत हाकण्याच्या परीक्षा घ्या, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्या, त्यांच्या पोरांना परदेशी शेतकी शाळा दाखवून आणा. वाचताना मला थांबावंसं वाटतं ते या ठिकाणी: ख्वापोव्स्की स्वतःच्या पैशानं जे करून आला, तेच फुले कुणब्याच्या मुलासाठी मागत होते.

आणि आपला धाराशिव जिल्हा? हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गढी म्हटलं की आपल्या म्हाताऱ्यांना वसुली आठवते, वेठ आठवते, रझाकारांचे दिवस आठवतात. गढीवर शेतीसुधारणेची सभा भरली आहे, हे चित्र कुणाच्या आठवणीत सापडत नाही. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झालं, १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये कूळकायदा आला. त्यानंतर नवं काही आलं ते बहुतांशी सरकारी जीपमधून. बागाईतदारांची गोष्ट वेगळी. द्राक्षवाल्यांचा राज्य संघ १९६० च्या आसपासचा, आणि छाटणीपासून निर्यातीपर्यंत त्यांनी एकमेकांना जे शिकवलं ते कुठल्याही जमीनदार मंडळाच्या तोडीचं आहे. आपल्याकडे तुळजापूर, भूम, परंडा भागात बागा आहेत. पण विहिरीला पाणी असलेल्यांची ती गोष्ट आहे. आपण बसलो आहोत ते रान कोरडवाहू आहे.

कोरडवाहू रानाकडे पाहताना १९७२ चं दुष्काळी साल वगळता येत नाही. लोक खडी फोडत होते, सुकडीवर दिवस काढत होते. त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी हैदराबादजवळ पतानचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. काळ्या रानात रुंद वरंबा आणि त्याच्या दोन्ही अंगांना सरी ही पद्धत त्या संस्थेनं वाढवली. आज आपण तिला बीबीएफ म्हणतो. चार ओळींचा सपाट वरंबा. पाऊस कमी झाला तर सरीतलं पाणी जागच्या जागी मुरतं, जास्त झाला तर सरीतून निघून जातं, मुळं कुजत नाहीत. बियाणंही कमी लागतं. कागदावर इतकी समजूतदार पद्धत दुसरी नसेल. तरीही पेरणीच्या दिवसांत गावात ट्रॅक्टर फिरतो तो बहुधा साधी पाभर घेऊनच. का? घात निघून चालली आहे, यंत्र एकच आहे, नंबर लागेस्तोवर ओल उडेल, आणि सऱ्यांत जमीन वाया जाते असं थोरल्या भावाला वाटतं. यातली एकही शंका अडाणीपणाची नाही. पद्धत पतानचेरूहून इथवर आली. शेवटच्या फर्लांगभर अंतरावर मात्र तिला रस्ता लागतो तो कुणाच्या तरी बांधावरून, आणि आधी तिथे ती एकदा डोळ्यांनी दिसावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे परत जाऊ, पण यावेळी वेगळ्या दारानं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे चारच्या आधी जमीन हलली. लातूर जिल्ह्यात किल्लारी, आपल्याकडे सास्तूर आणि आजूबाजूची गावं. मातीत बसवलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी हजारो माणसं झोपेतच गाडली. त्यावर लिहिणं मला जमणारं नाही आणि इथे त्याची गरजही नाही. पुनर्बांधणीच्या काळात एक लहानशी गोष्ट झाली, ती आपल्या कामाची आहे. नवी घरं कशी बांधायची हे सरकारकडून गावाला आणि गावाच्या अडचणी सरकारला सांगायला गावोगाव बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यात होती. सळई किती जाडीची, सिमेंटला पाणी किती दिवस मारायचं, कोपऱ्यांना पट्टी कशी द्यायची, हे बायका गवंड्याला विचारू लागल्या. जिला कुणी घरात विचारत नव्हतं ती ठेकेदाराला विचारू लागली. पुढे बचत गट झाले, मग पाण्याचं काम, आरोग्याचं काम. शेतीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. रान हे घरातल्या सत्तेचं शेवटचं दार असतं, त्यामुळे मला याचं नवल वाटत नाही.

२०१२-१३ चा दुष्काळ आणि त्यामागचे दुष्काळ आले. सोयाबीन-ऊस विकून पैसे आणायचे आणि ज्वारी, डाळ, भाजी विकत घ्यायची, असं घराचं गणित झालेलं. पाऊस गेला की विकायलाही नाही आणि खायलाही नाही. तेव्हा या गटांतल्या बायकांनी एक मागणी घरात केली. सगळं रान नको. एक एकर द्या. नाहीतर अर्धा द्या. त्यात काय पेरायचं ते मी ठरवीन.

ही मागणी तुम्ही स्वतः करता आहात असं समजा. रात्रीची जेवणं झाली आहेत. सासूबाई अंथरूण घालताहेत, पण कान इकडेच आहेत.

"ते नाल्याकडचं टोक यंदा मी करते."

"तिथं काय येतंय? मुरूम हाय सगळा."

"येईल ते येईल. बाकीच्यात तुमचं सोयाबीन तुम्ही करा."

"आणि नाही आलं तर?"

इथे थांबा. या चौथ्या वाक्याला तुमच्याकडे काय उत्तर आहे? तुरेवच्या मालकाला हे कुणी विचारलं नव्हतं. "नाही आलं तर" या तीन शब्दांत वर्षभराचे टोमणे आहेत, माहेरचा उद्धार आहे, पुढच्या वेळी तोंड उघडायची चोरी आहे. पुरुषाचं पीक गेलं तर पाऊस वाईट असतो. बाईचं गेलं तर बाईची अक्कल निघते. मुरमाड टोक द्यायला कुणी फारशी कुरकुर करत नाही. फसण्याची परवानगी मात्र सहज मिळत नाही.

आणि तरीही हजारो घरांत ती मिळाली. धाराशिव, लातूर, सोलापूरकडच्या हजारो बायकांनी अशी एकेक एकराची शेती उभी केली. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे त्यातल्या एक. बचत गटापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांना त्या या शेतीकडे घेऊन आल्या, पुढे जगभरच्या सभांमधून बोलल्या, त्यांच्यावर चित्रकथाही निघाली. २०१६ मध्ये स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पारितोषिकाचं असो. आपण त्या एकरात उतरू.

पावसाळ्यातली सकाळ आहे. चपला बांधावर काढून ठेवा. पहिल्या पट्ट्यात मूग आणि उडीद, सत्तर-ऐंशी दिवसांत घरात येणारे. मध्ये तुरीच्या ओळी, त्यांना वेळ आहे. कडेनं अंबाडी, तीळ, एखादी ओळ कारळ्याची. नाल्याच्या अंगाला भेंडी, गवार, दोडका, मेथी-कोथिंबिरीचे वाफे. एका कोपऱ्यात मका, जनावरांसाठी. पिंपात दशपर्णी अर्क आंबतोय, त्याचा वास आधी येतो आणि पिंप नंतर दिसतं. झाडाखाली गांडूळखताचा बेड, त्यावर ओलं गोणपाट. एक भेंडी उचकटून पाहा, आत अळी आहे का. पानाची खालची बाजू पाहा. हिरवा मावा दिसला तर लगेच पंपाकडे धावू नका. शेजारच्या पानावर लाल पाठीचा, ठिपक्यांचा ढालकिडा बसलेला दिसेल, तो मावा खातो. थोडा वेळ त्याला पाहत बसा. काही न करणं हाही शेतीतला निर्णय आहे आणि तो घ्यायला फवारणीपेक्षा जास्त धीर लागतो.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? मूग-उडदात तूर, कडेला अंबाडी, हे तर आजीच्या वेळचंच. खरं आहे. नवीन आहे ती बियाण्याला लावलेली रायझोबियमची प्रक्रिया, ठिबकची नळी, मातीच्या तपासणीचा कागद, आणि कुठल्या दिवशी काय केलं ते लिहून ठेवलेली वही. जुनं आणि नवं अशी भांडणं व्यासपीठावर रंगतात, आणि मला त्या भाषणांचा मनापासून कंटाळा आहे. त्या एकरात आजी आणि विद्यापीठ शेजारी-शेजारी नांदतात. बाईला दोन्हींकडून काम करून घ्यायचं असतं.

पण एक एकर म्हणजे अजून ख्वापोव्स्कीचा कोपराच झाला. मंडळ कुठे आहे?

ते दुपारी भरतं. खुरपणीतून जरा मोकळीक मिळाली की कुणाच्या तरी बांधावर. तळवट अंथरलेला, पाण्याची कळशी, एखादीच्या मांडीवर पोर. हल्ली कृषी खात्याची, प्रकल्पांची, कृषी विज्ञान केंद्राची शेतीशाळा अशीच भरते. १९८९ च्या सुमारास इंडोनेशियातल्या भातशेतीत ही रीत रुजली आणि फिरत फिरत इथवर आली. गटागटानं रानात जायचं, ठरावीक झाडं निवडायची, किडी मोजायच्या, मित्र किती, शत्रू किती, तक्त्यावर मांडायचं. तुम्हीही त्या रिंगणात बसा. आज ऐकण्याची पाळी आहे. कोण काय चांगलं आलं म्हणून सांगतंय त्याकडे फार लक्ष देऊ नका. फोटो त्याचेच निघतात. कान द्या तो हळू बोलणाऱ्या बाईकडे.

"माझी चवळी गेली सगळी."

कुणी चुकचुकत नाही. कुणी अक्कल काढत नाही. एकजण विचारते, कधी टाकली होती? दुसरी विचारते, बी कुणाकडचं? तिसरी म्हणते, माझीही खालची ओळ पिवळी पडलीय, तिथं पाणी साचतंय. चौथी उठून त्या चवळीच्या रानाकडे चालू लागते, आणि मागोमाग सगळ्या. दहा मिनिटांपूर्वी जी एका बाईची फजिती होती, ती आता बारा जणींची माहिती झाली आहे. पुढच्या मृगात त्या बारापैकी एकही पाणथळ जागी चवळी लावणार नाही.

मघाचा हिशेब इथे पुन्हा मांडून पाहा. एक एकर अधिक एक एकर अधिक एक एकर. पोलंडच्या जमीनदारांनी वॉर्सात जे उभं केलं ते या तळवटावर आहे, आणि त्यात एक गोष्ट वरकड आहे. जमीनदाराला आपलं अपयश झाकता येत होतं. नकाशाच्या एका कोपऱ्यात ते गपचूप पडून राहायचं. इथे झाकायला जागाच नाही, म्हणून ते सगळ्यांच्या कामाला येतं. आपल्या गावांत पूर्वी सावड होती, इर्जिक होती. औत नसलेल्याचं रान सगळे मिळून नांगरून देत. मनुष्यबळ वाटून घेण्याची ती सवय रक्तात आहे. भीती वाटून घेण्याची सवय मला या रिंगणात प्रथम दिसली.

यात रमून जायचं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला आणि परंडा-भूम भागातली रानं पिकांसकट खरवडून गेली. तिथे बीबीएफही वाहून गेलं आणि एक एकरही. माती गेल्यावर पद्धत कशाला लावायची? गटानं अशा वेळी एकच करता येतं, पंचनामा होईपर्यंत एकमेकींच्या दारात बसणं आणि बियाण्याचा डबा जिच्या घरी वाचला असेल त्यातून मूठ-मूठ वाटून घेणं. हेही कमी नाही, पण त्याला उपाय म्हणणं मला धीटपणाचं वाटतं.

आणि सातबारा? त्याला बगल देऊन आपण इथवर आलो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्यावा. बऱ्याच गावांनी तो दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, देशानं २००५ मध्ये. तरी ज्या एकरात आपण सकाळी चपला काढून उतरलो ते बहुधा तिच्या नावावर नाही. पीक कर्ज, पीक विमा, नुकसानभरपाई, ठिबकचं अनुदान, सगळे कागद नावाच्या मागे जातात. वही तिच्या हातची, ढालकिडा तिनं ओळखलेला, मुरमाचं रान तीन-चार वर्षं शेणखत-गांडूळखत घालून तिनं काळं केलेलं.

ते रान आता चांगलं झालं आहे. नाल्यावर बंधारा झाला, विहिरीला पाणी वाढलं. आज रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर पुन्हा बोलणं निघेल. नाल्याकडच्या टोकात यंदा ऊस घ्यावा, असं थोरल्याच्या मनात आहे. सासूबाई अंथरूण घालताहेत. यावेळी त्या काय म्हणतील, असं तुम्हाला वाटतं?